फायर अलार्म पॅनेलला लॅपटॉप जोडायचाय, कॉम पोर्ट दिसतो पण पॅनेल बोलत नाही

आरेवारे
मंडळी नमस्कार. गणपतीपुळ्याच्या बाजूला समुद्राला लागून एक हॉटेल आहे, तिथे मी मेंटेनन्स बघतो. ४२ खोल्या, तळमजला आणि वर दोन मजले. फायर अलार्म ॲड्रेसेबल आहे (प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर), दोन लूपचं पॅनेल (लूप म्हणजे डिटेक्टर जोडत जाणारी तारेची फेरी), रिसेप्शनच्या मागच्या खोलीत. मृगाचा पाऊस लागला तेव्हापासून रात्री-बेरात्री बझर वाजतो, स्क्रीनवर कधी अर्थ फॉल्ट (तार अर्थला टेकली) तर कधी लूप २ ओपन सर्किट (तार मध्येच तुटली), आणि दुपारपर्यंत उघडीप मिळाली की आपोआप नॉर्मल. रिसेप्शनवरचा मुलगा आता बझर वाजला की न बघताच सायलेन्स दाबतो. मला झोप लागत नाही ती ह्याने, उद्या खरंच कुठे आग लागली तरी तो तसंच दाबेल.

ज्यांनी सिस्टिम बसवली ते म्हणतात आता माणूस गणपतीनंतरच. पॅनेलच्या स्क्रीनवर एकावेळी एकच इव्हेंट दिसतो, मागचं बघायला बटण दाबत बसायचं, म्हणून म्हटलं लॅपटॉप जोडून अख्खा लॉग काढू. सॉफ्टवेअरची सीडी आणि पासवर्ड मालकांच्या फाइलमध्ये सापडला. रत्नागिरीतून यूएसबी टू सिरीयल केबल आणली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम ३ (सिरीयल पोर्टचं नाव) येतो, पण सॉफ्टवेअर म्हणतं नो कम्युनिकेशन. काय चुकतंय?

काजूबी
सॉफ्टवेअरमध्ये पण कॉम ३ च निवडलाय ना? बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच कॉम १ भरलेला असतो.

आरेवारे
हो, ते बघितलं. बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, ९६०० आहे, मॅन्युअलमध्ये तेच दिलंय.

तिसरी_शिफ्ट
मी लोट्याला केमिकल कंपनीत आहे, बारा वर्षं हेच करतोय. आधी केबल जिवंत आहे का ते बघा. पॅनेलपासून केबल काढा, तिच्या नऊ पिनच्या तोंडावर २ आणि ३ नंबरची पिन एका वायरच्या तुकड्याने जोडा, कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. जे टाइप केलं ते परत स्क्रीनवर उमटलं तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट सगळं ठीक. नाही उमटलं तर पॅनेलच्या नादाला लागूच नका, दोष तुमच्या बाजूला आहे.

केबल चांगली निघाली तर मीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा. पॅनेलच्या पोर्टची पिन ५ म्हणजे ग्राउंड, तिथे काळी प्रोब. लाल प्रोब आधी २ वर मग ३ वर. आरएस-२३२ चा, म्हणजे ह्या नऊ पिनच्या सिरीयलचा, पोर्ट गप्प बसलेला असतो तेव्हा त्याच्या पाठवायच्या पिनवर मायनस व्होल्टेज असतं, साधारण मायनस ५ ते मायनस १२. ते २ वर मिळालं तर सरळ केबल चालेल. ३ वर मिळालं तर पॅनेलसुद्धा लॅपटॉपसारखंच ३ वरून बोलतंय, दोघं एकाच वायरवर बोलतायत आणि ऐकत कोणीच नाही, मग क्रॉस केबल हवी, ज्याला नल मोडेम म्हणतात. पिनचे नंबर कनेक्टरवरच बारीक कोरलेले असतात, टॉर्च लावून वाचा, नर आणि मादी कनेक्टरवर ते एकमेकांच्या उलट दिसतात आणि निम्मी माणसं तिथेच फसतात.

रातांबा
ह्यात एक भर. पॅनेलवर आरजे-४५ सारखं खाचेचं पोर्ट असेल तर ते नेटवर्कचंच असेल असं धरू नका, काही पॅनेलांत त्याच खाचेतून सिरीयल दिलेलं असतं. आणि नुसते ए आणि बी लिहिलेले दोन स्क्रू असतील तर ते आरएस-४८५, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं सिरीयल, त्याला कन्व्हर्टर वेगळा. त्यात ही केबल खुपसू नका.

सुरंगी
थांबा जरा. केबलच्या आधी दुसरं काम आहे ते कोणीच बोललं नाही.

मी रत्नागिरीत लायसन्स असलेल्या एजन्सीत काम करते. आरेवारे दादा, पॅनेलचा दरवाजा उघडायच्या आधी तुमच्या पॅनेलला काय काय जोडलंय त्याची यादी करा. हुटर, म्हणजे भोंगे, तर आहेतच, पण लिफ्ट तळमजल्यावर आणणारा रिले असेल, किचनच्या गॅस लाइनचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल, एसीचा एएचयू (हवा खेळवणारं युनिट) बंद करणारा असेल. सर्व्हर रूमला गॅस सोडणारी सिस्टिम असेल तर तिचं ॲक्च्युएटर (गॅसची बाटली उघडणारा भाग) प्रत्यक्ष काढून ठेवल्याशिवाय हातच लावायचा नाही. ही आउटपुट आधी डिसेबल करायची, मॅनेजर आणि सिक्युरिटीला सांगायचं, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, आणि जितका वेळ सिस्टिम अर्धवट आहे तितका वेळ एक माणूस मजल्यांवर फिरता ठेवायचा. काम संपलं की डिसेबल केलेलं एकेक परत एनेबल, यादीवर टिक करून. दुपारच्या चेकआउटनंतर, खोल्या रिकाम्या असताना करा, रात्री नको.

दुसरं, तुमच्याकडे पासवर्ड आहे म्हणून प्रोग्रॅमिंगमध्ये जाऊ नका. लॉग वाचणं वेगळं आणि कॉन्फिगरेशन बदलणं वेगळं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) जातो तो लायसन्सधारक एजन्सीच्या सहीने. तुम्ही आत काही बदललंत तर सही करणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

गडगा
सुरंगीताई, सगळं बरोबर, पण एजन्सी वेळेवर आली असती तर ह्या माणसाने केबल कशाला आणली असती? माझं कुडाळला छोटं लॉज आहे. आमच्याकडे ज्यांनी पॅनेल बसवलं त्यांनी पासवर्ड दिला नाही, साइटची फाइल दिली नाही, एक डिटेक्टर बदलला तरी त्याचं नाव टाकायला त्यांचाच माणूस मुंबईहून येणार, त्याचं येणं-जाणं राहणं माझ्या डोक्यावर. पैसे मी मोजलेत, इमारत माझी, आत झोपणारे पाहुणे माझे, आणि माझ्याच पॅनेलचं कुलूप दुसऱ्याच्या खिशात. ह्याला काय अर्थ आहे?

सुरंगी
गडगा दादा, ह्यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. साइटची फाइल मालकाची असते आणि ती मालकाकडे असलीच पाहिजे, आम्ही हँडओव्हरला पेनड्राइव्हमध्ये फाइल आणि डिव्हाइसची यादी कागदावर छापून देतो. तुमच्या पुढच्या एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात हे एक वाक्य घालून घ्या, सही करायच्या आधी. पण फाइल हातात असणं आणि ती उघडून स्वतः बदल करणं ह्यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

गडगा
करारात घालतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी_शिफ्ट
ताईंनी आउटपुटचं सांगितलं ते आधी मीच सांगायला हवं होतं, बरोबर आहे.

बदल करण्यावरून एक सांगतो, जोडणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी इथे अडतो. सॉफ्टवेअरमध्ये अपलोड आणि डाउनलोड अशी दोन बटणं असतात. एका कंपनीच्या भाषेत अपलोड म्हणजे पॅनेलमधून लॅपटॉपमध्ये, दुसऱ्या कंपनीच्या भाषेत नेमकं उलटं. आमच्याकडे एका नवीन पोराने बॅकअप घेतोय असं समजून रिकामी फाइल पॅनेलमध्ये ढकलली. १८० डिव्हाइसची नावं गेली, कुठला डिटेक्टर कुठला हुटर वाजवणार ते सगळं गेलं, पॅनेल नुसतं ॲड्रेस दाखवत बसलं. जुनी फाइल एका निवृत्त साहेबांच्या घरच्या कॉम्प्युटरवर मिळाली म्हणून वाचलो, नाहीतर शिडी घेऊन एकेक डिटेक्टर बघत फिरायला लागलं असतं. तेव्हा ते बटण दाबायच्या आधी मॅन्युअलमधलं चित्र बघा, बाण कुठून कुठे जातोय. आणि ऑटोलर्न किंवा ऑटो प्रोग्रॅम असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका.

दर्यावर्दी
आमच्याकडे तारकर्लीक अर्थ फॉल्ट इलो तेव्हा माका दोन दिस कळाक नाय. शेवटी बघतंय तर डिटेक्टरच्या बेसमधी मुंगळ्यांनी घर केलला, अंड्यांसकट. पाहुण्यांका खोली दिली तेच्या आधी तेंनी बुकिंग करून ठेवलला.

सुरंगी
:) हे खरंच होतं. पावसाळा लागला की मुंग्या कोरडी जागा शोधतात आणि छताला चिकटलेला बेस त्यांना आयताच मिळतो. स्मोक चेंबरमध्ये किडा शिरला तर खोटा फायर येतो, बेसच्या टर्मिनलवर वारूळ ओलं झालं तर अर्थ फॉल्ट.

काजूबी
विषय निघालाच आहे तर, आमच्या घरगुती खानावळीत किचनच्या दारावर स्मोक डिटेक्टर लावून दिलाय, बांगडे तव्यावर पडले की सायरन. काय करायचं?

रातांबा
काजूबी, तिथे स्मोक नकोच, हीट डिटेक्टर लावून घ्या. फोडणी आणि तळणीच्या जागी धुराचा डिटेक्टर लावला की आठवड्याभरात कोणीतरी त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतो आणि ती पिशवी मग वर्षभर तिथेच राहते.

आरेवारे
सगळ्यांचे आभार. आज दुपारी केलं. सुरंगीताईंनी सांगितल्याप्रमाणे यादी केली, लिफ्ट आणि गॅस व्हॉल्व्ह खरंच जोडलेले निघाले, मला गॅस व्हॉल्व्हचं माहीतच नव्हतं. ते डिसेबल केले, हुटर डिसेबल केले, वॉचमन मामांना मजल्यांवर फिरत ठेवलं. केबलचा लूपबॅक (२-३ जोडून टाइप करायची टेस्ट) पास झाला. मीटरवर मायनस व्होल्टेज ३ नंबरवर मिळालं, मायनस ८.६. म्हणजे क्रॉस केबल. बाजारात मिळेना, मग दोन कनेक्टर आणून २ आणि ३ उलटसुलट, ५ सरळ अशी तीन वायरची स्वतः झाळून घेतली. आणि कनेक्ट झालं!! लॉग यायला लागला.

पण एक घोटाळा. कनेक्ट केल्या केल्या पॅनेलवर अर्थ फॉल्ट आला तो जातच नाही. आज सकाळपासून कडक ऊन आहे, एरवी ह्या वेळी नसतोच. मी काही जाळलं का? घाबरून सगळं काढून ठेवलंय.

तिसरी_शिफ्ट
लॅपटॉप चार्जरवर होता का? तीन पिनचा चार्जर?

आरेवारे
हो. बॅटरी जुनी आहे, अर्धा तासच टिकते.

तिसरी_शिफ्ट
मग तो फॉल्ट लॅपटॉपचाच, काही जळलं नाही, निश्चिंत राहा.

नीट सांगतो. पॅनेलची २४ व्होल्टची सप्लाय तरंगती असते, तिचा प्लस किंवा मायनस कुठेही अर्थला जोडलेला नसतो. पॅनेल सतत बघत असतं की दोन्हींपैकी कोणी अर्थला टेकलंय का, टेकलं की अर्थ फॉल्ट. तुमच्या केबलची ५ नंबरची वायर पॅनेलच्या मायनसला जाते आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपच्या ग्राउंडला. तीन पिनच्या चार्जरमध्ये ते ग्राउंड बहुतेक वेळा भिंतीतल्या अर्थला जोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने पॅनेलचा मायनस अर्थला बांधलात, आणि पॅनेलने ते बरोबर पकडलं. काही पॅनेलांचं पोर्ट आतून आयसोलेटेड असतं, त्यांना हा त्रास नाही. उद्या लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर जोडा. जास्त वेळ लागणार असेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो तो मध्ये लावा. कायमचा प्रिंटर किंवा ग्राफिक्सचा कॉम्प्युटर जोडलेला असतो तिथेही हाच घोळ होतो आणि माणसं महिनोन् महिने केबल शोधत फिरतात.

गडगा
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने लॅपटॉप चार्जरला लावून अर्थ फॉल्ट दाखवला होता आणि आख्ख्या मजल्याची केबल बदलायला सांगितली होती. बदलली.

सुरंगी
गडगा दादा, वाईट वाटलं वाचून. पुढच्या वेळी कोणीही अर्थ फॉल्ट दाखवला तर लॅपटॉप काढून, पाच मिनिटं थांबून, पॅनेलच्या स्क्रीनवर दाखवायला सांगा.

आरेवारे
बॅटरीवर जोडलं, अर्थ फॉल्ट आला नाही! अर्ध्या तासात कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतला (मॅन्युअलमधला बाण तीनदा बघून) आणि लॉग सेव्ह केला. आता घरी बसून वाचतोय. जूनपासून अर्थ फॉल्ट ३१ वेळा आलाय. लूप २ ओपन ११ वेळा, आणि अकराही वेळा अर्थ फॉल्ट आधीपासून चालू आहे, नुसता ओपन कधीच नाही. पुढे काय बघू?

रातांबा
ओपनच्या ओळीत ॲड्रेस दिलाय का? लूप दोन्ही टोकांनी पॅनेलला आलेला असतो, मध्ये तुटला की पॅनेल दोन्ही बाजूंनी बोलतं आणि अलीकडून कितीपर्यंत पोचलो, पलीकडून कितीपर्यंत ते काही पॅनेलं सांगतात.

आरेवारे
आहे! ३६ आणि ३७ च्या मध्ये. प्रत्येक वेळी तेच. यादीत ३६ म्हणजे पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरचं शेवटचं डिटेक्टर, ३७ म्हणजे समुद्राकडच्या जिन्याखालचा मॅन्युअल कॉल पॉइंट, हाताने अलार्म द्यायची लाल डबी.

खारवारा
समुद्राकडचा जिना म्हटल्यावर मला पुढचं काही वाचायची गरज नाही. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानाच्या इमारतीत शिरलं, तळमजल्यावरचं पॅनेल पूर्ण बुडालं, ते बदललंच. पण पाण्याच्या रेषेच्या वर असलेल्या बॉक्सांचा त्रास पुढे दोन वर्षं पुरला, कारण चिऱ्याची भिंत पाणी पिऊन बसली होती आणि पाऊस पडला की पाइपातून घाम फुटल्यासारखं आत झिरपायचं. तुमच्याकडे वर खारी हवापण आहे. तांब्यावर हिरवं चढलं की टर्मिनल बाहेरून घट्ट दिसतं आणि आत धरत नाही.

तिसरी_शिफ्ट
खात्री करून घ्या, मग पेचकस. सप्लाय बंद करून लूप २ ची दोन्ही टोकं पॅनेलमधून सोडवा, मीटर रेझिस्टन्सवर, एकेक तार आणि अर्थ ह्यांच्यात मोजा, मग लूप १ चं तसंच. आणि कृपा करून मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावू नका. ५०० व्होल्टचा मेगर डिटेक्टर जोडलेले असताना लावला तर एका बटणात सगळी इलेक्ट्रॉनिक्स खलास. साधा मीटर पुरतो, फक्त ओलं असताना मोजा, सुकल्यावर काही सापडणार नाही.

सुरंगी
आणि हे करताना लूप २ पूर्ण बंद असणार, त्या बाजूच्या खोल्यांत कोणी झोपलेलं नको.

आरेवारे
काल संध्याकाळपासून झडच लागली होती, पश्चिमेचा वारा, पाणी आडवं मारत होतं. त्या बाजूच्या खोल्या रात्री दिल्याच नाहीत, मालकांना लॉग दाखवला तेव्हा ते स्वतःच म्हणाले नको देऊ. सकाळी सहाला मोजलं. लूप १ च्या दोन्ही तारा अर्थशी काहीच दाखवत नाहीत, मीटर उघडाच. लूप २ ची मायनस तार १४ किलोओहम. मग ३७ नंबरचा कॉल पॉइंट उघडला.

झाकण सैल करताच मनगटावरून पाणी ओघळलं, पेलाभर तरी असेल. लाल डबी बाहेरून नवी कोरी दिसत होती, आत तळाला शेवाळ धरलं होतं. कंड्यूट, म्हणजे वायरचा पाइप, वरून आलाय, जिन्याच्या पागोळीच्या बरोबर खाली, आणि डबीच्या डोक्यावरच्या भोकात ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) नाही, नुसती वायर सोडलीय. मायनसच्या टर्मिनलचा स्क्रू फिरवला तर तार हातातच आली, टोक हिरवं भुरभुरीत, चिमटीत चुरा झाला. तार सोडवून परत मोजलं, आता लूप २ पण अर्थशी काहीच दाखवत नाही. अर्थ फॉल्टही तिथेच आणि ओपनपण तिथेच, दोन्ही दुखणी एका डबीतली.

खारवारा
पेलाभर! बरोबर. मागचं चांगलं तांबं लागेपर्यंत वायर कापा, हिरवं वायरच्या आत पण चढत जातं. आणि नवीन डबीला वायर खालून घ्या, आत जायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकेल, आत जाणार नाही.

दर्यावर्दी
आणि वर पत्र्याचा एक इरला करून बसवा तेका. शेतात माणूस भिजता नये म्हणान घालतत तसाच.

आरेवारे
इरलं करायला दिलंय पत्रेवाल्याकडे, डबीचा काच दिसला पाहिजे आणि हात सरळ पोचला पाहिजे असं माप दिलंय. सुरंगीताई, तुमच्या निरोपाप्रमाणे तुमच्या एजन्सीचे दादा आले होते. बाहेरच्या वापराची सीलबंद डबी तेच घेऊन आले, वायर खालून, ग्लँड लावून, झोळ देऊन. ॲड्रेस ३७ च सेट केला त्यामुळे प्रोग्रॅमिंगला हात लावावा लागला नाही. दोन्ही लूपवरचे डिटेक्टर आणि कॉल पॉइंट एकेक टेस्ट केले, लिफ्ट खाली आली, गॅस व्हॉल्व्ह बंद झाला, मग सगळं एनेबल केलं यादीवर टिक करून. पॅनेलच्या दोन्ही बॅटऱ्या लोडवर बसत होत्या, त्याही बदलल्या. ह्या आठवड्यात फॉर्म बी होईल. बॅकअपची एक प्रत मालकांच्या कपाटात, एक माझ्याकडे.

रिसेप्शनवरच्या मुलाला शेजारी बसवून लॉग दाखवला, ३७ नंबर कुठे आहे तिथे नेऊन ती जुनी डबी हातात दिली. ती त्याने काउंटरखाली ठेवून घेतलीय.

आज रात्री परत तसाच वारा आहे. मी इथेच थांबलोय, पॅनेलसमोर खुर्ची टाकून. रात्रीचे १:४० झालेत, अजून हिरवा दिवा.

सुरंगी
सकाळी लॉग काढून इथे टाका. बॅटरीवर!

आरेवारे
काढला, बॅटरीवर. रात्रभर पाऊस थांबला नाही. लॉगमध्ये दोनच ओळी आहेत. ३:१२ मेन सप्लाय फेल. ३:५१ मेन सप्लाय नॉर्मल. ३:१२ ला बझर वाजला तेव्हा माझा डोळा लागला होता. मुलगा माझ्या आधी उठून पॅनेलपाशी गेला, स्क्रीन मोठ्याने वाचली, आणि मग सायलेन्स दाबलं.